तांब्याची पट्टी

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्र लिहायला एकच गोष्ट कारण झाली. काल दुपारी माझ्या उजव्या हातातली सोन्याची बांगडी पांढरी पडली.

झालं ते असं. कज्जलीचा चौथा घाणा तुझ्या गिरणीतून निघून तीन दिवस झाले होते. खलवाल्या मावशी ती काळी पूड बरणीत भरत होत्या. बरणीच्या गळ्याशी पूड अडकली म्हणून मी ओल्या हाताने ती खाली दाबली. औषधाच्या खोलीत बांगड्या घालून यायचं नाही हा नियम माझाच आहे, पण बोटांची हाडं जाड झाल्यापासून ही एक निघत नाही. हात धुताना पाहिलं तर बांगडीचा खालचा अर्धा भाग कथलासारखा पांढरा. राखेने घासला, साबणाने घासला, जात नाही.

तू इंजिनिअर आहेस, तुला समजावायची गरज नाही. तरी लिहिते, कारण लिहिलेलं राहतं. पारा आणि गंधक घोटून एकजीव झाले की त्या पुडीत सुटा पारा उरता कामा नये. सोन्याला धरतो तो सुटा पारा. म्हणजे ज्या पुडीतून पुढे आपल्या सगळ्या गोळ्या होतात, तिच्यात सुटा पारा आहे. हाताने खलात घोटत होतो तेव्हा असं कधी झालं नाही. तुझं यंत्र येऊन सात महिने झाले आणि हे झालं.

गिरणी मी बंद केली आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. प्रत्येक घाण्याची पहिली मात्रा वैद्याने स्वतः चौदा दिवस घ्यायची आणि मगच रोग्याला द्यायची, हा आपल्या घरचा नेम तुला माहीत आहे. चौथ्या घाण्याची मात्रा दादाने, तुझ्या बापाने, परवापासून सुरू केली आहे. मी बांगडी त्याच्या नाकापुढे धरली. म्हणाला, "कच्च्या पाऱ्याच्या बाटलीला लागली असेल. तू धांदरटच आहेस." चौसष्ट वर्षांत मला धांदरट कोणी म्हटलं नव्हतं. मात्रा थांबव म्हटलं, तर मात्रा कालवलेला मध चाटून दाखवला.

तुझ्या यंत्रात काय चुकलं ते मला शोधून कळव. फोन करू नकोस. फोन दादाच्या उशाशी असतो, आणि तू फोनवर मध्ये मध्ये बोलतेस.

दादा बरा आहे. त्याला लिहायला सवड नाही.

तुझी,
आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र मी पाळी संपल्यावर कारखान्याच्या उपाहारगृहात वाचलं. शेजारच्याने विचारलं, "कोर्टाची नोटीस आहे का?" मी म्हटलं, "नाही, आत्याचं पत्र आहे." तो म्हणाला, "चेहरा तसाच झालाय."

गिरणीचं गणित मी तीनदा केलं होतं. पिंप किती वेगाने फिरवायचं, आत गोळ्या किती, माल किती, सगळं. खलात चाळीस तास लागतात ते गिरणीत सहा तासांत व्हायला हवं. हे तासही मी हवेतून काढलेले नाहीत. बाबांना फोनवर विचारलं होतं, झालं हे तुम्ही कशावरून ओळखता? ते म्हणाले, "पाऱ्याची चमक गेली की झालं." पहिल्या घाण्याला चमक पाच तासांत गेली. मी वर एक तास जास्त दिला. म्हणून यंत्राला शिव्या देण्याआधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे.

पिंप गळ्यापर्यंत भरता का? झाकण गार झाल्यावर काढता का? आणि बाबांची ती पट्टीवर घासायची परीक्षा अजून करता ना? तिचं काय म्हणणं आहे?

एक खाजगी. बाबा माझ्यावर रागावलेत का? पूर्वी महिन्याला एक पत्र यायचं आणि माझ्याच आधीच्या पत्रातल्या चुका काढलेल्या असायच्या. गिरणी आल्यापासून एक ओळ नाही. त्यांना यंत्र नकोच होतं, मी हट्टाने लावलं, हे मला कळतं. चाळीस वर्षं हाताने केलेलं काम एका पिंपाने हिसकावलं असं वाटत असेल तर त्यांनी मला सरळ शिव्या द्याव्यात. गप्प बसू नये.

मात्रा थांबवायला त्यांना माझी शपथ घाल.

आणि तू रेघी कागदावर कधीपासून लिहायला लागलीस? आम्ही रेघी वही आणली की तू ती परत करायला लावायचीस.

भिंगरी


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

रेघी कागद स्वस्त मिळाला.

पिंप निम्मंसुद्धा भरत नाही. मापाचं घमेलं ठरलेलं आहे आणि त्यावर मावशींचा पहारा आहे. खल सुटल्यापासून त्यांच्या खांद्याला आराम आहे, पण जिवाला नाही. "हे पिंप दिवसभर गुरगुरतं आणि मी लेबलं चिकटवते," म्हणतात. त्या मुद्दाम काही बिघडवणार नाहीत. संशय घेऊ नकोस, तुझ्या पत्रातून तो डोकावतो.

झाकण मी गार झाल्यावर काढते, दादा नाही. गिरणी थांबली की पाचव्या मिनिटाला तो झाकण उघडतो आणि डोकं आत घालून चमक शोधतो. पूर्वी खल उचलून उन्हात न्यायचा. पिंप उचलत नाही, म्हणून आता डोकं नेतो. चमक नव्हती. चारही वेळा नव्हती. मी स्वतः पाहिलं आहे.

पट्टीचं विचारलंस. प्रत्येक घाण्याची चिमूट पाण्याच्या थेंबात कालवून अंगठ्याने पट्टीवर घासली. सुटा पारा असेल तर पांढरा डाग पडतो. एकदाही पडला नाही. वहीत तारखांसकट माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. म्हणून तर हे कोडं सुटत नाही. पट्टी एक सांगते, बांगडी दुसरंच. पट्टीवर शंका घ्यायला जागा नाही. गिरणीसोबत तू पाठवलेल्या नियमांच्या यादीतल्या सातव्या कलमात "औषधाला लागणारी प्रत्येक वस्तू स्टेनलेस स्टीलची असावी" असं होतं. ते मी एका दिवसात पाळलं. घमेली, चाळणी, चमचे, पट्टी, खोलीतलं सगळं तांबं-पितळ बाहेर काढलं. नवी पट्टी आरशासारखी लखलखीत आहे. म्हणजे इकडे कुणी ढिलाई केली, हे मनातून काढून टाक.

शपथ घातली. दादा म्हणाला, "तिच्या शपथेने औषध बदलतं का?" आज बारावा दिवस आहे.

तो तुझ्यावर रागावलेला नाही. चष्म्याचा नंबर बदलायचा आहे, म्हणून लिहीत नाही.

आत्या


१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार.

पट्टी स्टीलची केलीस?

आत्या, लोखंडाला पारा धरत नाही. पोलादालाही नाही. म्हणून तर तो लोखंडी बाटलीतून विकतात. तुझ्या खोलीच्या कोपऱ्यात तशी एक उभी आहे. स्टीलवर शुद्ध पारा ओतून घासलास तरी डाग पडायचा नाही. बाबांची पट्टी तांब्याची होती, आणि ती तांब्याचीच असायला हवी होती. सातवं कलम मी आमच्या कारखान्याच्या छापील कागदावरून जसंच्या तसं उतरवलं. लिहिताना मला पट्टी आठवलीसुद्धा नाही.

दुसरी चूक पूर्ण माझी आहे. पारा फार बारीक फुटला की तो चमकत नाही, काळा दिसतो. पण असतो पाराच. खलात फुटणं आणि गंधकाशी मिळणं बरोबरीने चालतं, कारण सगळंच सावकाश असतं. गिरणी त्याला आधी फोडून टाकते, मिळणं मागे राहतं. चमक पाच तासांत गेली म्हणजे काम पाच तासांत झालं असं मी धरलं. आमच्याकडे कोणी नुसत्या डोळ्यांनी बघून "झालं" म्हटलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. बाबा म्हणाले म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

आता एवढं कर. तांब्याची जुनी पट्टी शोध. खिडक्या उघड्या ठेव, हातमोजे घाल. चारही घाणे घास, आणि गिरणीच्या आधीची हाताने घोटलेली एक बरणी असेल तर तीही. बाबांना त्या झाकणाजवळ फिरकू देऊ नकोस. गरम पिंपातून येणारी वाफ ही पोटात गेलेल्या पाऱ्याहून वाईट. आणि ती बांगडी सोनाराकडे नेऊन तापवू नकोस. कापून काढ.

पहिल्या पत्रात बाबांना सवड नव्हती, दुसऱ्यात चष्मा. अशी दोन कारणं देणाऱ्या मुलींना तू वर्गात उभं करायचीस. मी विचारते आहे, बाबांना काय झालंय?

भिंगरी


२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मी उभी राहून लिहिते आहे असं समज.

सव्वीस वर्षं मी मुलींना रसायन शिकवलं. पारा कोणत्या धातूंना धरतो आणि कोणत्याला नाही, हा प्रश्न मी परीक्षेत घालत असे. हमखास. तुझी यादी हातात पडली आणि मी ती फक्त पाळली. नीटनेटकेपणाच्या नादात घरातली एकमेव खरी परीक्षा मी भंगारात टाकली आणि नंतर तीन आठवडे तुझ्या यंत्राला बोल लावला.

पट्टी खरोखर भंगारात गेली नव्हती. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात टाकून द्या. मी बरण्यांच्या कपाटाच्या पायाखाली टाकली. डुगडुगत होतं." ती काढायला दोघींनी कपाट उचलायला घेतलं. हलेना. ते कपाट रिकामं असायला हवं होतं, कारण पहिल्या तीन घाण्यांच्या गोळ्या होऊन रोग्यांकडे गेल्या असं मी धरून चालले होते. कुलूप तोडलं. आत तिन्ही घाण्यांच्या बरण्या, तोंडाला बांधलेला कागद जसाच्या तसा. प्रत्येकीतून फक्त एका माणसाच्या चौदा दिवसांपुरती पूड कमी.

आधी परीक्षा केली, मग दादाकडे गेले. पट्टी घासून लाल केली. पहिला घाणा, पांढरा डाग. दुसरा, डाग. तिसरा आणि चौथा, नखाएवढे डाग, पुसले तरी न जाणारे. हाताने घोटलेली जुनी बरणी घासली, डाग नाही. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या खांद्याचं चीज झालं बाई."

दादा खाटेवर होता. बोलणं झालं ते शब्दशः लिहिते.

मी म्हटलं, "बरण्या कपाटात का आहेत?"

"राहिल्या."

"तीन घाणे राहिले?"

मग म्हणाला, "पहिल्याच घाण्याला तोंडाला धातूची चव आली. हिरड्या सुजल्या. रोग्याला कसं देऊ? त्यांना जुन्यातलं दिलं."

"मग बोलला का नाहीस?"

"पट्टी बरोबर म्हणत होती. तू वहीत लिहिलंस. यंत्र पोरीचं, तिने तीनदा गणित केलेलं. म्हणजे माझं तोंडच चुकत असणार. दुसरा घाणा घेऊन पाहिला. मग तिसरा. खात्री करून घेत होतो." आणि मग, "पोरगी पहिल्यांदा माझ्या कामात काहीतरी करायला आली होती. तिला कसं सांगू तुझं बिघडलं म्हणून?"

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दादा लिहीत नाही कारण त्याच्या हातात लेखणी टिकत नाही. उजवा हात कापतो. कप बशीवर वाजतो, म्हणून तो आता पेल्यातून चहा घेतो आणि सांगतो की पेल्यातून गोड लागतो. बटणं मी लावते. हे गिरणीमुळे सुरू झालं असं मी तुला सांगितलं असतं तर सोपं होतं, पण तसं नाही. दीड-दोन वर्षं झाली. गिरणी आल्यापासून वाढलं. तुला कळवायचं नाही असं त्याने सांगितलं आणि मी मान्य केलं. "वय झालं" असं मी स्वतःलाही सांगत होते.

भिंगरी, एक गोष्ट मला झोपू देत नाही. तुझं पत्र पोचलं तोवर त्याचे चौदा दिवस पूर्ण झाले होते. कोण चुकलं यावर तू आणि मी पत्रं लिहीत होतो, आणि तो रोज सकाळी मधात पूड कालवत होता. चमचा हिसकावून घ्यायला मला कुणाच्या पत्राची गरज नव्हती.

तो दवाखान्यात यायला तयार आहे, एका अटीवर. घाणे बिघडल्याचं त्याला कळलं होतं हे तुला सांगायचं नाही. मी कबूल केलं. आणि आता सांगते आहे. खोटं बोलणं मला जमतं असं दिसतं, तेव्हा हे एक आणखी.

ये आणि त्याला घेऊन जा.

आत्या


१४ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार.

तू स्टेशनवर बाबांच्या शर्टाचं वरचं बटण लावलंस, ते त्यांनी घरी पोचेपर्यंत काढू दिलं नाही. म्हणाले, "लावायला आता कोण आहे?" मी लावते म्हटलं तर, "तू यंत्राने लावशील."

विनोद एवढाच. तपासण्या आल्या. लघवीतला पारा मर्यादेच्या कितीतरी पट आहे. मूत्रपिंडं थकली आहेत, निकामी झालेली नाहीत. पारा बाहेर काढायचं औषध सुरू केलंय. हाताचं डॉक्टरीणबाई वचन देत नाहीत.

बाबा त्यांना म्हणाले, "चाळीस वर्षं घेतोय. मेलो का?" त्या म्हणाल्या, "हात पुढे करा." बाबांनी केला. डॉक्टरीणबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. बाबांनीच तो मागे घेतला.

मग डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. मी त्यांना गिरणी, वाफ, चार घाणे, सगळं सांगितलं होतं. मला वाटत होतं की दोष माझा आहे तर निदान पूर्ण माझा असावा. त्या म्हणाल्या, हे सात महिन्यांचं काम दिसत नाही. गिरणीने भर घातली, नक्कीच. पण आधीपासूनचं खूप आहे. जुनी बरणी पट्टीवर स्वच्छ निघाली हे मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "पुडीत सुटा पारा नसेल. पण घोटताना खोलीत होता ना?" आत्या, चाळीस वर्षं उघड्या खलात कच्चा पारा ओतला गेलाय. सांडलेला थेंब कोणी शोधला? जुन्या खोलीच्या फरशांच्या सांध्यांत तो आहे. मी निघताना सुरीच्या टोकाने एक सांधा उकरला होता. तू स्वयंपाकघरात होतीस. टाचणीच्या डोक्याएवढे तीन मणी निघाले. ऊन वर आलं की त्यांची वाफ होते आणि आपण तिथे बसून लेबलं चिकटवतो.

पट्टी सुटा पारा सांगते. मिळालेला पारा पोटात गेल्यावर काय करतो ते ती सांगत नाही. ते मलाही माहीत नाही, बाबांनाही नाही. आपण तिघेही चमक, डाग आणि चव यांच्यावर विसंबलो.

मी बाबांशी बोलले. सगळं बंद, गिरणीही आणि खलही. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "जुन्या बरण्याही दे. मावशीला नीट सांग, तिच्या हाताचा दोष नाही." घातक कचरा उचलणाऱ्यांचा माणूस इथून २० तारखेला गाडी घेऊन येईल. त्याला मोजून दे, लिहून दे.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं, "त्या खोलीत आणखी कोण बसायचं?" मी मावशींचं नाव सांगितलं. त्यांच्या तपासणीचं मी परस्पर ठरवलंय, त्या येताहेत. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी?"

आत्या, मी तुझी तीन पत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. रेघी कागदावरसुद्धा ओळ खाली उतरते.

दोन बाटल्या पाठवते आहे. त्या भरून त्याच गाडीतून पाठव. हे मी विचारत नाहीये.

भिंगरी


२० मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

रेघी कागद स्वस्त मिळाला नव्हता. कोऱ्या कागदावर ओळ सरळ राहीना, म्हणून आणला. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यापासून. सुईत दोरा ओवला जाईना तेव्हा मी चष्मा बदलला, आणि त्यानेही ओवेना तेव्हा शिवणकाम मावशींना दिलं. दादाचा हात मी रोज पाहत होते. माझा पाहायचा राहिला असं म्हणणं खोटं होईल. पाहिला होता.

खोलीला कुलूप घातलं. मावशींनी बत्ता शेवटचा धुतला, पुसला आणि खलात आडवा ठेवला. "आता हे कशाला धुवायचं," असं मी म्हटलं. "घाण द्यायची का त्यांना?" म्हणाल्या. त्यांना दादाचा निरोप दिला. "वैद्यांना म्हणावं, मला ठाऊक आहे," एवढंच बोलल्या.

दादाला सांग, त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक रोग्याला मी स्वतः भेटून औषध बंद झाल्याचं सांगते आहे. सतरा झाले, सहा राहिले. दोघींनी दार लावून घेतलं. एकाने विचारलं, "मग इतकी वर्षं काय घेत होतो आम्ही?" मी त्याला तपासणीचा पत्ता लिहून दिला.

सोबत आजची नोंद जोडली आहे. हीच प्रत गाडीवाल्याकडे.

आत्या


दिलेल्या वस्तूंची नोंद, २० मार्च, सकाळी साडेदहा

१. कज्जली, गिरणीतली, चार घाण्यांची: बरण्या चार, तोंडं बंद.
२. कज्जली, हाताने घोटलेली: बरण्या दोन, एक अर्धी.
३. कच्चा पारा: लोखंडी बाटली एक, निम्मी भरलेली.
४. गिरणीचं पिंप, गोळ्यांसकट. किल्ली सोबत.
५. खल एक, बत्ता एक. धुतलेले.
६. स्टीलची पट्टी एक. डाग नाही.
७. सोन्याची बांगडी एक, दोन ठिकाणी कापलेली, अर्धी पांढरी. वेगळ्या डबीत.
८. तांब्याची पट्टी एक, चार डाग. कचऱ्यात जायची नाही. दादाच्या हाती द्यावी.
९. चोवीस तासांची लघवी, बाटल्या दोन, माझी. कचऱ्यात जायची नाही. भिंगरीच्या हाती द्यावी.

वरील सर्व मोजून दिलं. गाडीवाल्याने मोजून घेतलं आणि सही केली. खाली माझी सही, जमली तशी.